कचऱ्यावरचा हक्क



 ‘सर्वसमावेशक शहर’ या विषयावर समाजकार्याच्या या परिषदेत बरेच निबंध वाचले जातील. त्याआधी मला पुण्यातल्या कचरावेचक बायांबद्दल बोलायचे आहे.

या बाया बहुतेक दलित समाजातल्या. १९७२च्या दुष्काळाने गाव सोडून आलेली कितीतरी कुटुंबे त्यांच्यात आहेत. त्या बेकार कधीच नव्हत्या. पहाटे निघायचे, कुंडीत उतरायचे, कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, दुधाच्या पिशव्या निवडून वेगळ्या करायच्या आणि डोक्यावर ओझे घेऊन भंगाराचे दुकान गाठायचे. वजन दुकानदार सांगेल ते, भाव तो देईल तो. वाटेत चोरीचा संशय यायचा, तो वेगळाच. इतके राबूनही घरात दारिद्र्य राहिले, कारण शहराने हे काम कामात धरलेच नव्हते.

१९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठातल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या कामात होत्या आणि हमाल पंचायत उभारणारे बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते. अन्नछत्र किंवा कपडेवाटप हा पंचायतीचा मार्ग नव्हता. तिने महापालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र मिळवले. आमच्या क्षेत्रात या कार्डाचे मोल अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही, असे माझे मत आहे. गळ्यात कार्ड आले आणि संशयाने अडवणाऱ्याला बाई उत्तर देऊ लागली.

२००८मध्ये याच कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला. दारोदार जाऊन कचरा घ्यायचा, त्याचे शुल्क घरांकडून मिळणार आणि सुका कचरा विकून आलेला पैसा वेचकाचाच. यातले शेवटचे कलम सगळ्यात मोलाचे. पगारावर ठेवलेल्या सफाई कामगाराला जे मिळत नाही, ते इथे मिळाले : मालावर हक्क. गरिबी हटवण्याच्या योजना पुष्कळ पाहिल्या. गरिबाच्या हाती मालकी देणाऱ्या फार थोड्या.

म्हणूनच हा हक्क सुखाने टिकू दिला जात नाही. कराराची मुदत संपली की ठेकेदारांची नावे पुढे येतात आणि या बायांना पुन्हा रस्त्यावर उतरावे लागते. शहर स्वच्छ ठेवणाऱ्यांनी दर काही वर्षांनी आपली गरज सिद्ध करावी, हा अन्याय आहे आणि ते आपण या व्यासपीठावरून स्पष्ट शब्दांत म्हटले पाहिजे.

आणि सगळा दोष महापालिकेवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. कित्येक इमारतींत कचरा घ्यायला आलेल्या बाईला लिफ्ट वापरू देत नाहीत. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडेच कचऱ्यात पडतात आणि ते तिला हाताने वेगळे करावे लागतात. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढीच तिची मागणी. तीही वर्षानुवर्षे करावी लागते. जात संपली म्हणणाऱ्यांनी ही लिफ्ट आणि ही कचऱ्याची बादली जरूर पाहावी.

इथे जमलेल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. विद्यार्थ्यांना सर्वेक्षणाचे फॉर्म देऊन वस्तीत पाठवण्याआधी एक सकाळ कचरावेचकाच्या ढकलगाडीबरोबर पाठवा. आणि आपण सर्वांनी आपापल्या सोसायटीच्या पुढच्या बैठकीत तिच्या लिफ्टचा, पिण्याच्या पाण्याचा, स्वच्छतागृहाचा आणि वेळेवर शुल्काचा ठराव मांडावा.