मन कुणाचं, आणि ठरवायचं कुणी?

(राजूर, ता. भोकरदन, जि. जालना येथे बचत गटातील महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

आजचा विषय कळल्यावर तुमच्यातल्या एकीनं मला दारातच गाठलं. म्हणाली, "ताई, कर्जाचं बोला, रेशनचं बोला. मन म्हणजे काय हे ऐकून आमच्या पदरात काय पडणार?" तिचं म्हणणं रास्त आहे. म्हणून आधी एका बाईची हकिगत सांगते. तिचं नाव-गाव सांगत नाही.

ती आमच्याकडे आली ती वकिलाची नोटीस घेऊन. नवऱ्याला सोडचिठ्ठी हवी होती. कारण दिलं होतं, बायकोचं मन ठिकाणावर नाही. पुरावा काय, तर झोपेच्या गोळ्यांची एक चिठ्ठी. तिसरी मुलगी झाली तेव्हापासून तिची झोप उडाली होती. छातीत धडधड व्हायची, उगीच रडू यायचं. दिवसा कापूस वेचायचा आणि रात्री टोमणे ऐकायचे. सासूनं आधी देवऋष्याकडे नेलं. तो म्हणाला, बाहेरची बाधा आहे. मग दवाखान्यात नेलं. तिथं दोन मिनिटांत गोळ्या लिहून मिळाल्या. देवऋषी बोलला, डॉक्टर बोलले, नवरा बोलला, वकील बोलला. पण "बाई, तुला काय होतंय?" असं तिला कुणी एकदाही विचारलं नाही.

मन म्हणजे काय, याचं उत्तर दुसऱ्यांनी परस्पर देऊन टाकलं होतं. त्या उत्तरावर तिचं घर आणि तिच्या तीन मुली अवलंबून होत्या. म्हणून हा प्रश्न आपलासुद्धा आहे.

तसा आपल्या जिल्ह्याला मनाचा विचार नवा नाही. समर्थ रामदास १६०८ साली जन्मले ते आपल्याच जिल्ह्यातल्या जांबला. त्यांनी मनाचे २०५ श्लोक लिहिले. मनाला समोर बसवून त्याची समजूत घालावी, असे ते श्लोक आहेत. आणि आपण बसलोय त्या राजुरात गजाननानं वरेण्य राजाला गणेशगीता सांगितली, असं परंपरा मानते. तिचे ११ अध्याय आहेत. मन आवरण्याचा उपदेश त्यातही आहे.

पण त्याआधीची गोष्ट आठवा. वरेण्याची राणी पुष्पिका. बाळंतपणात तिच्या कुशीत हत्तीच्या तोंडाचं मूल दिसलं. ती घाबरून गेली. राजानं ते मूल रानात टाकायला लावलं. पुढं पराशर ऋषी आणि वत्सला यांनी ते वाढवलं. राजाला गीता मिळाली, पण खाटेवर घाबरून पडलेल्या त्या बाळंतिणीच्या मनाचं काय झालं? ही गोष्ट सांगताना त्याबद्दल कुणी बोलत नाही. मला कुणाची श्रद्धा दुखवायची नाही. मी एवढंच म्हणते, की "मन आवर" हे राजाला सांगणं वेगळं आणि सुनेला सांगणं वेगळं. राजाचा दिवस त्याच्या हातात असतो. सुनेचा नसतो.

आता जरा लांबचं उदाहरण घेऊ. युरोपात देकार्त नावाचे मोठे तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांचं म्हणणं असं, की मन आणि शरीर या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. शरीर जागा व्यापतं, मन फक्त विचार करतं. १६४३ साली एलिझाबेथ नावाच्या चोवीस वर्षांच्या राजकन्येनं त्यांना पत्र लिहून विचारलं: मनाला जर आकारच नाही, तर ते शरीराला हलवतं कसं? तिच्या वडिलांचं राज्य गेलेलं, कुटुंब हॉलंडमध्ये आश्रयाला. घराण्याच्या कटकटींमुळे विचाराला उसंत मिळत नाही, असंही ती पत्रात लिहिते. पुढं ती तापानं आणि खोकल्यानं आजारी पडली, तेव्हा देकार्त यांनीच सांगितलं की दुखण्याचं मूळ दुःखात आहे. तिचा मूळ प्रश्न मात्र तत्त्वज्ञ अजून सोडवतायत.

आपल्याकडच्या चार्वाकांनी दुसरं टोक गाठलं होतं. धान्य आंबवलं की त्यात नशा उत्पन्न होते, तशी पंचमहाभूतांपैकी चार एकत्र आली की जाणीव उत्पन्न होते. शरीराहून वेगळं असं काही नाही, असं ते म्हणत. आजचे मेंदूचे डॉक्टर याच वाटेनं खूप पुढं गेले आहेत, आणि त्यामुळे कितीतरी आजारांना औषध मिळालं आहे.

पण बाईच्या वाट्याला दोन्ही उत्तरं कशी येतात ते बघा. मन शरीराहून वेगळं म्हटलं, की तिला सांगतात, "मनावर घेऊ नकोस." मन म्हणजे नुसता मेंदू म्हटलं, की गोळी देऊन त्याच घरात परत पाठवतात. दोन्हीकडे टोमणे तसेच राहतात.

आपली रोजची भाषा याहून शहाणी आहे. आपण म्हणतो, मन लागत नाही, मन मोडलं, सगळ्यांची मनं राखावी लागतात, मन मारून जगते. यातलं एकही वाक्य एकट्या माणसाचं नाही. मन लागायला माणसं लागतात, आणि मन मोडायलाही दुसरं कुणीतरी असतं. माझ्या समजुतीनं मन म्हणजे डोक्यात बंद करून ठेवलेली डबी नाही. ते आपल्या अंगात असतं, कामात असतं आणि माणसामाणसांत असतं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बायकांच्या अंगावर पांढरं जाण्याच्या तक्रारीचा अभ्यास केला. तिचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक दिसला. जे तोंडानं बोलता येत नाही ते अंग बोलतं.

कायदाही हळूहळू इकडे येतोय. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे. पण नुसतं आजाराचं नाव सांगून भागत नाही, संसार अशक्य व्हावा इतका तो गंभीर असला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली सांगितलं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो, की समाजाच्या रीतीप्रमाणे कुणी वागत नाही म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. मानसिक आजार असला म्हणजे माणूस वेडा झाला असंही नाही. तसं ठरवायचा अधिकार फक्त न्यायालयाला आहे. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तोंडानं केलेला आणि भावनिक छळ हीसुद्धा हिंसाच आहे.

त्या बाईनं कोर्टात स्वतः उभं राहून आपलं म्हणणं मांडलं. निकाल अजून लागायचा आहे. तिच्या गोळ्या चालू आहेत, कारण तिला त्यांची गरज आहे. आता त्या कशासाठी आहेत हे तिला माहीत आहे, आणि चिठ्ठी तिच्या स्वतःच्या पिशवीत असते.

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आपण पैसे मोजतो. त्याआधी दहा मिनिटं काढा. कुणी म्हणाली, "मन लागत नाही," तर लगेच उपदेश करू नका. कधीपासून, घरात काय झालं, झोप येते का, हे विचारा. दवाखान्यात जायची वेळ आली तर तिच्यासोबत एकीनं जावं, आणि डॉक्टरांशी बोलू द्यावं ते तिलाच. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो आणि पैसे पडत नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मी खूप बोलले. आता तुम्ही बोला.