ध्येय ठरविण्यापूर्वी



माल भरण्यापूर्वी सडक अर्जुनीचा व्यापारी गोंदिया-नागपूरच्या चार पेढ्यांवर भाव विचारतो. परंतु मुलामुलींच्या व्यवस्थापन शिक्षणासाठी लाखोंचे कर्ज काढताना वर्तमानपत्रातील सर्वोच्च पगाराचा एक आकडा पाहून ध्येय ठरविले जाते. तो पगार एखाद्यालाच मिळतो. हप्ते मात्र प्रत्येक कर्जदाराला फेडावे लागतात.

अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ ची, नागपूरची २०१५ ची. नाव सारखे असले तरी माजी विद्यार्थ्यांचा विस्तार सारखा असू शकत नाही. हा फरक आता घरबसल्या पाहता येतो. २००३ साली सुरू झालेल्या ‘लिंक्डइन’ या संकेतस्थळावर संस्थेचे माजी विद्यार्थी कोणत्या शहरात, कोणत्या कंपनीत, कोणते काम करतात हे दिसते. त्यांतून पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेले, आपल्यासारखीच पदवी व अनुभव असलेले दहा जण निवडावेत. त्यांची पहिली नोकरी व आजचे पद वहीत टिपावे. दहांपैकी सहा-सातांना साधले ते वास्तव ध्येय. एकालाच साधले ते स्वप्न.

तथापि ही माहिती ज्याची त्याने लिहिलेली असते. तीत अपयश क्वचितच दिसते. म्हणून दोघा-तिघांना नम्रतेने एकच प्रश्न विचारावा : प्रवेशापूर्वी ठरविलेल्यांपैकी काय बदलावे लागले? सर्वच उत्तर देतील असे नाही. परंतु एक प्रामाणिक उत्तरही जाहिरातीपेक्षा मोलाचे ठरते.

स्वप्न अवश्य बाळगावे. कर्ज मात्र वास्तव ध्येयाच्या हिशेबानेच काढावे.