घरातील धूळ आणि आपला श्वास
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस येथे चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा कोणता विषय घ्यावा, हा आमच्यापुढे प्रश्न पडला. शिक्षण, विवाह, व्यवसाय या विषयांवर अधिकारी वक्ते बोलणारच आहेत. आम्ही पडलो शाळामास्तर. तीन तपांहून अधिक काळ फळ्यासमोर खडूची पूड अंगावर घेण्यात गेला. तेव्हा धुळीविषयीच बोलावे, हे आम्हांस उचित वाटले. विषय क्षुद्र वाटेल. परंतु अन्नावाचून मनुष्य काही दिवस काढतो, श्वासावाचून काही पळेही काढू शकत नाही, आणि त्या श्वासाबरोबर आपण काय आत घेतो याचा विचार मात्र क्वचितच करतो.

लहानपणी कौलारू घरात भिंतीवरच्या झरोक्यातून कवडसा येत असे, आणि त्यात असंख्य कण नाचताना दिसत. या कणास आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी ‘त्रसरेणु’ असे नाव दिले आहे. लंडन येथे १८७० साली जॉन टिंडॉल या शास्त्रज्ञाने प्रखर प्रकाशाचा झोत टाकून, स्वच्छ वाटणारी हवा धुळीने कशी भरलेली असते, हे श्रोत्यांस प्रत्यक्ष दाखविले. सारांश, हवा स्वच्छ दिसते म्हणून ती स्वच्छ असतेच असे नाही.

आता या कणांचे मान पाहू. मिलिमीटरचा सहस्रांश म्हणजे एक मायक्रॉन. मनुष्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो. १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतांशी नाकात व घशातच अडकतात. परंतु अडीच मायक्रॉनचे व त्याहून बारीक कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत जाऊन पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अशा कणांचे वर्षाचे सरासरी प्रमाण एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे असे सुचविले आहे. आपल्या देशाने २००९ साली ठरविलेली मर्यादा ४० मायक्रोग्रॅमची आहे. शिवाय, असा कण एकदा वर उडाला की शांत हवेतही छतापासून जमिनीपर्यंत येण्यास त्यास काही तास लागतात. पहाटे कोरड्या झाडूने उडविलेली बारीक धूळ आपण सकाळच्या चहापर्यंत, किंबहुना मुले शाळेत जाईपर्यंत, श्वासावाटे घेतच असतो. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, धूळ उडविणे म्हणजे धूळ काढणे नव्हे.

हीच गोष्ट एका इंग्रज अभियंत्याच्या ध्यानी आली. ह्यूबर्ट सेसिल बूथ हे त्याचे नाव. त्याच्या काळी वाऱ्याच्या झोताने धूळ उडविणारे यंत्र निघाले होते. ते पाहून त्याने विचारले, धूळ फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये? पुढे एका उपाहारगृहातील खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढून पाहिली. ठसका तर लागलाच, पण रुमालावर धुळीचा काळा डाग उमटला. १९०१ साली त्याने धूळ ओढणारे यंत्र सिद्ध केले. आपल्या घरी हे यंत्र असो वा नसो, त्यामागील विचार मात्र प्रत्येक घरी असावा.

आपल्या आजीपणजीस हा विचार ठाऊक होता. अंगण झाडण्यापूर्वी त्या पाण्याचा हबका मारीत, तो धूळ बसावी म्हणून. जमीन शेणाने सारवीत, तीही माती बांधली जावी म्हणून. बाहेरून आलेल्या मनुष्याने पायांवर पाणी घेतल्यावाचून घरात पाऊल टाकू नये, हाही दंडक होता. पुढे फरशी आली. चूळ भरून पाय धुण्याचा रिवाज गेला, आणि कोरडा झाडू मात्र राहिला.

येथे आम्हांस आमच्या घरची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ती सांगताना संकोच वाटतो, तरीही सांगतो. आमच्या कुटुंबास गेली काही वर्षे खोकला होता. वयोमानाचा खोकला म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. जिना चढताना ती मध्येच थांबू लागली, तेव्हा डॉक्टरांकडे नेले. त्यांनी फुंकर मारण्याची तपासणी केली आणि श्वासनलिकांचा जुनाट विकार असल्याचे सांगितले. आम्ही चकित झालो. कारण आमच्या घरात विडीकाडीस कधी थारा नव्हता. डॉक्टरांनी विचारले, “चुलीवर किती वर्षे स्वयंपाक केला?” उत्तर आम्हीच दिले, “दहा-बारा वर्षे असेल.” तेव्हा ती हळूच म्हणाली, “माहेरची धरून चोवीस.” इतकी वर्षे सोबत काढूनही तिच्या श्वासाचा हिशेब आम्हांस ठाऊक नव्हता. डॉक्टरांचा पुढचा प्रश्न होता, “आता घरात केर कोण काढते?” त्याचे उत्तर देण्यास आमची जीभ उचलली नाही.

श्रोतेहो, हा एका घरचा प्रश्न नव्हे. चुलीचा व तत्सम इंधनाचा घरातील धूर २०२० साली जगभरात सुमारे ३२ लक्ष मृत्यूंस कारण झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या देशात १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू होऊन गॅस कोट्यवधी घरांत गेला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु गॅस आला म्हणजे धूर गेला असे नाही. फोडणीचा व तळणाचा धूर आहेच. त्यास बाहेर जाण्यास खिडकी किंवा पंखा हवा. डासांसाठी रात्रभर जळणाऱ्या एका कॉइलमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे वजन ७५ ते १३७ सिगारेटींतून निघणाऱ्या कणांइतके भरते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. दारे-खिडक्या लावून, लेकरांच्या उशाशी आपण ती ठेवतो! त्यापेक्षा मच्छरदाणी सहस्रपटीने बरी. देवापुढील उदबत्ती व धूप यांविषयी आम्ही एवढेच म्हणू की, एक काडी लावावी, खिडकी उघडी ठेवावी. धुराच्या प्रमाणावर भक्तीचे प्रमाण ठरत नाही.

आता गादीकडे वळू. १९६० नंतरच्या दशकात हॉलंडमधील संशोधकांनी दाखवून दिले की, घरच्या धुळीने ज्यांना दमा उठतो त्यांच्या त्रासाचे एक मोठे कारण धुळीतील अतिसूक्ष्म किडे होत. त्यांची लांबी सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर. आपल्या अंगावरून झडणारा त्वचेचा कोंडा हे त्यांचे अन्न. आणि दमट हवा ही त्यांची आवडती. गाद्या, उशा, गोधड्या ही त्यांची घरे. अभ्रे व चादरी दर आठवड्यास धुवाव्यात. शक्य तेथे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतल्यास हे किडे मरतात. गाद्यांना कडक ऊन द्यावे, म्हणजे त्यांतील ओल जाते.

उरलेले नियम थोडक्यात सांगतो. पादत्राणे दाराबाहेर, व दाराशी जाड पायपुसणे असावे. सफाई वरून खाली करावी : प्रथम जळमटे व पंख्याची पाती, मग फळ्या व कपाटे, शेवटी जमीन. वस्तू पिसांच्या झटकणीने झटकू नयेत, ओलसर फडक्याने पुसाव्यात. फळाही आम्ही अखेरची काही वर्षे ओल्या फडक्यानेच पुसत असू. पहिल्या बाकावरील मुलांचे खोकणे त्याने कमी झाले. केर काढताना खिडक्या उघड्या, लहान मुले व दमेकरी दुसऱ्या खोलीत, आणि केर काढणाऱ्याच्या नाकातोंडावर फडके, अथवा २०२० च्या महासाथीने सर्वांच्या परिचयाचा केलेला एन-९५ मुखपट्टा असावा. शहरात हिवाळ्यातील पहाटेची हवा जड असून धूर खालीच कोंडून राहतो. अशा दिवसांत खिडक्या ऊन वर आल्यावर उघडाव्यात. हवा गाळण्याचे यंत्र ज्यांना परवडते त्यांनी ‘हेपा’ जातीची गाळणी पाहून घ्यावे, ती ०.३ मायक्रॉनचे कण शेकडा ९९.९७ या प्रमाणात अडविते. मात्र घरात धूर करून यंत्राने तो गाळीत बसणे हे छिद्र असलेल्या घागरीत पाणी भरण्यासारखे आहे.

हे सर्व नियम सोपे आहेत. कठीण आहे ते निराळेच. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नव्या केरसुणीस हळदकुंकू वाहतो, तिला लक्ष्मी म्हणतो, चुकून पाय लागला तर नमस्कार करतो. परंतु ती हाती धरणाऱ्या गृहलक्ष्मीच्या छातीत रोज किती धूळ जाते, हे आपण पुरुषांनी कधी विचारले नाही. ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलताना आणखी एक सत्य सांगितले पाहिजे. केर करणारे एक आणि केर उचलणारे दुसरे, अशी विभागणी आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केली, आणि उचलणाऱ्यांस दूर ठेविले. संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तनातून मने झाडली. त्यांच्या हातातील खराटा कोणत्याही एका जातीचा किंवा एकट्या स्त्रियांचा नव्हता.

आमच्या घरी आता केर आम्ही काढतो. प्रारंभी कोपरे राहत. कुटुंब खुर्चीवर बसून ते दाखवीत असे. आता फारसे राहत नाहीत. तिचा विकार पूर्ण बरा होणारा नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. परंतु औषधाने व धूळधूर टळल्याने तिला जिना चढताना पूर्वीइतके थांबावे लागत नाही. हे आम्हांस वीस वर्षे आधी सुचते तर!

ज्यांची वीस वर्षे अद्याप हाती आहेत, त्यांच्यासाठी हे बोलणे. आज सकाळी याच सभागृहात सतरंज्या झटकल्या गेल्या, आणि झटकणाऱ्या बाई तोंडाशी पदर धरून खोकत होत्या, हे आम्ही पाहिले. पुढील संमेलनापासून त्या सतरंज्या अंगणात, वाऱ्याची दिशा पाहून झटकाव्यात, सभागृह ओल्या फडक्याने पुसावे, त्या बाईंस संस्थेच्या खर्चाने मुखपट्टा द्यावा, आणि सतरंजीचे दुसरे टोक आपल्यापैकी एखाद्या तरुणाने धरावे, एवढी सूचना कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे ठेवून आम्ही आपली रजा घेतो.