दुधाचा भाव आणि डोंगराचा भाव



शाळेत मी फार दिवस गेलेलो नाही. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा अर्थशास्त्राच्या परिभाषेत मी बोलणार नाही. मी एका प्रदेशाची हकीकत सांगणार आहे. हा प्रदेश अमेरिकेत आहे, मी तो पाहिलेला नाही, पुस्तकांतून जाणला आहे. पण त्याची हकीकत आपल्याला परकी वाटेल असे मला वाटत नाही.

न्यूयॉर्क शहराच्या वायव्येस सुमारे साठ मैलांवर ऑरेंज काउंटी आहे. तिच्या पलीकडे, डोंगरात, सलिव्हन काउंटी. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा. ऑरेंजमधील गोशेन गावचे लोणी फार पूर्वीपासून नावाजलेले. लोणीच का? कारण लोणी टिकते, दूध नासते. १८४१ साली ईरी रेल्वे हडसन नदीकाठच्या पिअरमाँट बंदरापासून गोशेनपर्यंत येऊन पोहोचली, आणि पुढच्याच वर्षी चेस्टर स्टेशनावरून दूध शहराकडे जाऊ लागले. बंदरापर्यंत आगगाडी, पुढे आगबोट.

शहराला या दुधाची गरज होती. तिथले पुष्कळसे दूध दारूच्या भट्ट्यांशेजारी कोंडलेल्या गायींचे असे. भट्टीतला उरलेला चोथा हाच त्यांचा चारा. १८५८ साली फ्रँक लेस्ली यांच्या सचित्र साप्ताहिकाने हा प्रकार चव्हाट्यावर आणला. खेड्याच्या दुधाला मान मिळाला. पण भाव मिळाला का? इथेच आपला प्रश्न सुरू होतो.

सकाळच्या गाडीने दूध गेले नाही, तर ते संध्याकाळी गटारात जाते. शेतकऱ्याला हे ठाऊक असते, आणि शहरातल्या व्यापाऱ्याला ते त्याहून चांगले ठाऊक असते. मला यात गिरणीचे दार दिसते. कामगाराचा आजचा दिवस विकला गेला नाही, तर तो उद्यासाठी फडताळात ठेवता येत नाही. ज्याचा माल नाशवंत, त्याने एकट्याने सौदा करायला जाऊ नये. तो हरण्यासाठीच जातो.

ऑरेंजच्या शेतकऱ्यांना हे १८८३ साली उमगले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात त्यांनी शहराला दूध पाठवायचे थांबवले. फुटीर लोकांचे डबे रस्त्यावर रिकामे केले गेले. दूध ओतून देणे मला आवडत नाही, कोणत्याही आईला आवडणार नाही; पण व्यापाऱ्यांनी तडजोड केली ती त्यानंतर. ती एकी टिकली मात्र नाही. १९०७ साली याच काउंटीतील शेतकऱ्यांनी डेअरीमेन्स लीग ही संस्था काढली, आणि १९१६ च्या ऑक्टोबरात सुमारे दोन आठवडे दूध रोखून संघटनेच्या नावाने भाव ठरवून घेतला. चोवीस वर्षे लागली केवळ संस्था उभी राहायला. संघटना एका दिवसात होत नाही, असे मी तरुण कार्यकर्त्यांना सांगतो ते याच आधारावर.

आता डोंगरात चला. सलिव्हनची जमीन खडकाळ. तिथे कातडी कमावण्याचे कारखाने होते; त्यांनी हेमलॉक झाडांची साल सोलून जंगल संपवले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते स्वतःही संपले. मागे उरली बोडकी टेकाडे, चार गाई आणि रेल्वे. या न्यूयॉर्क, ओंटारिओ अँड वेस्टर्न रेल्वेला दूध होते, पण तेवढ्याने भागेना. तिने उन्हाळी बिऱ्हाडांची यादी देणारी पुस्तिका दरवर्षी छापायला घेतली. शहरातून माणसे येऊ लागली. ज्या रुळांवरून दूध खाली जाई, त्याच रुळांवरून ते दूध पिणारा वर येऊ लागला. दूध स्टेशनावर दिले तर घाऊक भाव. तेच दूध, तीच अंडी पाहुण्याच्या ताटात वाढली तर मधला दलाल नाही.

त्या जाहिरातींतून काही घरमालक ज्यू लोकांना येऊ नका असे उघड सांगत. या अपमानाचे उत्तर ज्यू लोकांनी जमीन विकत घेऊन दिले. शिवणकामाच्या कोंदट खोल्यांतून खोकत निघालेली माणसे ही शेते घेऊ लागली. १९०० साली स्थापन झालेली एक ज्यू कृषी संस्था त्यांना कर्ज देई. विमा कंपन्या त्यांच्या घरांचा आगीचा विमा उतरवीनात, तेव्हा १९१३ साली त्यांनी स्वतःची सहकारी आग-विमा संस्था काढली. शेतीवर मात्र फार थोड्यांचे भागले. सेलिग ग्रॉसिंगर यांनी १९१४ साली फर्नडेलजवळ शेत घेतले, पीक साधेना म्हणून पाहुणे ठेवले, आणि त्यातूनच पुढे नामांकित हॉटेल झाले. ज्यांची ऐपत कमी ते ‘कोख-अलाइन’मध्ये उतरत, म्हणजे खोली भाड्याने घ्यायची आणि सामाईक चुलीवर आपले आपण शिजवायचे.

या धंद्याचा हंगाम जुलैपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत. तो सोमवार म्हणजे तिकडचा कामगार दिन. दहा आठवड्यांत वर्षाचे व्याज उभे करायचे. धारा काढून झाल्यावर पाहुण्यांचा स्वयंपाक, बिछाने, भांडी हे सारे घरच्या बाईने करायचे, आणि तिच्या मजुरीचा आकडा कोणत्याही हिशेबवहीत नाही. जमिनीचेही तसेच उलटे गणित झाले. जमिनीचा भाव गाय किती दूध देते यावर ठरेना. ओसरीतून डोंगर कसा दिसतो यावर ठरू लागला. या भावाने जमीन विकणाऱ्याचे कर्ज फिटते, पण शेजारच्या शेतकऱ्याच्या मुलाला त्या भावाने जमीन घेऊन गाई पाळणे कधीच परवडत नाही.

मी विश्रांतीच्या विरुद्ध नाही. शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या युनियनने १९१९ साली शेजारच्या पेन्सिल्व्हेनियातील पोकोनो डोंगरात ‘युनिटी हाऊस’ हे आपले विश्रामगृह घेतले. डोंगराची हवा हा मजुरीचाच भाग आहे, असे त्या मानत. मला ते पटते.

पुढे काय झाले? १९५७ साली ती रेल्वे बंद पडली. मोटारी, विमाने, थंड हवेची यंत्रे आली. इतर ठिकाणची दारेही ज्यूंना उघडली. पाहुणे पांगले. १९६९ साली बेथेल गावी मॅक्स यास्गर या गवळ्याच्या रानात वुडस्टॉकचा संगीतमेळा भरला, तेव्हा लाखो माणसे जमली. तीन दिवसांनी ती गेली आणि गवताचे रान तुडवलेले राहिले. ग्रॉसिंगर हॉटेल १९८६ साली बंद झाले. काँकॉर्ड हे दुसरे मोठे हॉटेलही बंद पडले, आणि त्याच्या जागेवर २०१८ साली जुगारगृह उघडले.

पाहुणा हवा, पण त्याच्या भरवशावर गोठा मोडू नये. कारण पाहुण्याची आवड बदलते, भूक बदलत नाही. आपल्यापैकी कितीएकांनी शहराबाहेर चार गुंठे घेण्याचा बेत केला असेल. जरूर घ्या. मात्र विकणाऱ्याला एक विचारा: दुधाला पुरता भाव मिळाला असता, तर ही जमीन तू विकली असतीस का? त्याचे उत्तर ऐकून मग व्यवहार करा, आणि जमले तर त्याच्या दूधसंघाच्या बाजूने उभे राहा.