रुग्णाचा शब्द आणि समितीचे आसन
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आरोग्यविषयावर चार शब्द बोलण्याचा मान मंडळाने मला दिला, याबद्दल मी ऋणी आहे. व्याधी व त्यांवरील उपचार यांसंबंधी तज्ज्ञांची व्याख्याने आपण ऐकतच असतो. आज मी एक निराळा प्रश्न आपल्यापुढे मांडू इच्छितो. रुग्णाच्या हिताचे निर्णय जेथे होतात, तेथे स्वतः रुग्णाला आसन असावे की नसावे?

हा प्रश्न नवा नाही. १९७८ साली तत्कालीन सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने असे जाहीर केले की, आपल्या आरोग्यसेवेची आखणी व अंमलबजावणी यांत भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे, आणि ते त्यांचे कर्तव्यही आहे. पुढे १९८३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे एड्सने पीडित मंडळी एकत्र आली. निर्णयाच्या प्रत्येक पायरीवर, सेवा देणाऱ्या संस्थांच्या संचालक मंडळांतसुद्धा, आपला सहभाग असावा अशी त्यांनी मागणी केली. आपले प्रतिनिधी आपणच निवडावेत, हेही त्यांनी सांगितले. माझ्या मते विषयाचे सारे मर्म या शेवटच्या म्हणण्यात आहे.

आपल्या देशात २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि शासकीय रुग्णालयांतून रुग्ण कल्याण समित्यांचा प्रसार झाला. २००७ पासून महाराष्ट्रात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा उपक्रम प्रथम हाती घेण्यात आला. गावकऱ्यांनी आरोग्यसेवेची प्रतवारी हिरव्या, पिवळ्या व तांबड्या रंगांनी पत्रकावर मांडली आणि जनसुनवाईत ती अधिकाऱ्यांपुढे ठेवली. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही तांबड्या रंगाचा अर्थ कळतो!

यावर कोणी म्हणेल, “रुग्णाला वैद्यकशास्त्रातले काय कळते?” आक्षेप रास्त आहे, परंतु त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. कोणते औषध द्यावे, हे डॉक्टरांनीच ठरवावे. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचे उदाहरण घ्या. त्याला बहुधा आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. यंत्राची वेळ पहाटेची असावी की दुपारची, कोणत्या पाळीने रोजगार बुडतो, परतीची एस.टी. मिळते की नाही, हे ज्ञान कोणत्या ग्रंथात सापडणार? ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही.

तथापि आसन दिले म्हणजे अधिकार दिला, असे होत नाही. समितीत एकच रुग्ण असला, तर दहा विद्वानांपुढे तो संकोचाने मान डोलावतो. म्हणून निदान दोघे तरी असावेत. सभेचे कागद त्यांना आधी व मराठीत मिळावेत. आणि रुग्णाच्या जागी एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थांची वर्णी लावू नये. ते कितीही सज्जन असले, तरी रांगेत उभे राहण्याचा अनुभव त्यांना उसना आणता येत नाही.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. आपल्या मंडळाचा वैद्यकीय साहाय्य निधी आहे. अर्जांचा निर्णय करणारे सद्गृहस्थ निःस्पृह आहेत, याविषयी शंका नाही. परंतु त्या बैठकीत देणारेच बसतात. घेणारे दाराबाहेर असतात. ज्याने साहाय्य घेतले, तो पुढील हप्त्याच्या चिंतेने अडचण बोलून दाखवीत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. आपल्यात आजार लपविला जातो तो सोयरिकीच्या धास्तीने. मुलीला फेफरे येते, वडिलांना क्षय झाला होता, असे कानोकान पसरले की स्थळे परततात. मग गरज असूनही अर्ज येत नाही, आणि आपण समजतो की गरजच नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. निधीच्या समितीत दोन जागा साहाय्य घेतलेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवाव्यात आणि त्या कुटुंबांनीच आपसांत विचारविनिमय करून त्या भराव्यात. त्यांतील एक जागा भगिनीची असावी. कारण घरातल्या आजाऱ्याची उशाशी बसून शुश्रूषा बहुधा तीच करते. अर्जावर नावाऐवजी क्रमांक असावा. नाव केवळ चिटणिसांना ठाऊक असावे. आणि बैठकीतील शब्द बाहेर जाऊ न देण्याचे वचन प्रत्येक सभासदाने, जुन्याने व नव्यानेही, लेखी द्यावे.

यासाठी फारसा खर्च नाही. लागते ते मनाचे औदार्य. पैसा देणे हे दातृत्व खरेच. परंतु तो कसा द्यावा हे घेणाऱ्याला विचारणे, यात त्याचा मान राहतो. कार्यकारी मंडळाने या सूचनेचा पुढील सभेत विचार करावा, अशी माझी विनंती आहे.