सायकलीलाही छप्पर हवें
(पालकसभेंतील भाषण)



1901 सालीं शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांकरितां वसतिगृह काढिलें. खेड्यांतील पोराला बुद्धि होती, पण शाळा दूर होती. त्या अंतरावरचा तो इलाज. आज आमच्या पोरांचें तें अंतर सायकल कापते. मानव विकास कार्यक्रमांतून निवडक तालुक्यांतील 8 वी ते 12 वीच्या गरजू मुलींस सरकारनें सायकली पुरविल्या. बाकीच्यांनीं घेतल्या त्या कोणी शेळी विकून, कोणी दुधाच्या बिलांतून.

आणि ही सायकल हायस्कुलांत उभी कोठें राहते? दिवसभर उघड्या उन्हांत! उन्हानें टायर तडकतो, पावसानें साखळी गंजते, आणि एखादे दिवशीं सायकलच जागेवर नसते. लिंबाच्या सावलींत मात्र आम्हां मास्तरांच्या मोटारसायकली. हें सांगतांना आम्हांस लाज वाटते. पण खरें तें सांगितलेंच पाहिजे.

सायकल गेली म्हणजे मुलगा चार दिवस पायीं येतो. मुलीला घरीं बसवितात, आणि मग लग्नाचीं बोलणीं सुरू होतात.

आमचें मागणें मोठें नाहीं. चार लोखंडी खांब, वर पत्रा, साखळी अडकविण्यास जमिनींत पक्का रोविलेला दांडा, आणि तास चालू असतां कुलूप राहील असें फाटक. जागा वर्गाच्या खिडकींतून दिसेल अशी. मागल्या बाजूस नको. पत्र्याचा खर्च संस्थेनें सोसावा. खांब सांधणारे लोहारदादा आणि खड्डे खणणारे हात याच सभेंत बसले आहेत. शाळा समितीची बैठक भरेल त्या दिवशीं पांचपन्नास पालक दारांत उभे राहूं या, आम्हीही येतों.