जमिनीखालचे पाणी थांबत नाही

भिलाई म्हटले की मनासमोर प्रथम उभी राहते ती धगधगती झोतभट्टी. १९५५ साली सोव्हिएट संघाशी झालेल्या करारातून येथील पोलाद कारखाना आकारास आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याहून आणावे लागले. चुनखडक मात्र जवळच, नंदिनी येथे मिळाला. भट्टीला उपकारक ठरलेला हा खडक विहिरीच्या दृष्टीने मोठा नाजूक आहे. आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

छत्तीसगडच्या मैदानाखाली अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी समुद्रात साचलेले चुनखडकाचे आणि शेलचे थर आहेत. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी मुरुमात आणि भेगांत राहते. चुनखडकातही ते भेगांतूनच वाहते. परंतु येथे ते आपली वाट स्वतः रुंद करीत जाते. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायॉक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी बनते, खडक विरघळविते, आणि कालांतराने भेगेची नळी होते. वाळूतून झिरपणारे पाणी थोडेबहुत गाळले जाते. नळीतून धावणारे पाणी जसे शिरले तसेच बाहेर येते.

आता अशा भूमीवर कोकभट्टीतील टाकाऊ द्रव्ये उघडी टाकली, तर काय घडेल? डांबर पाण्याहून जड, म्हणून ते भेगांतून तळाकडे उतरेल. बेंझिन हलके, म्हणून त्याचा बराचसा भाग पाण्यावर तरंगेल. फिनॉल पाण्यात विरघळून प्रवासाला निघेल. पावसाळ्यात भूजल वर चढून त्या मळाला स्पर्श करील आणि उन्हाळ्यात तो मळ बरोबर घेऊन खाली जाईल. शेजारची विहीर निर्मळ राहील आणि दूरची नासेल. म्हणून एका विहिरीचे पाणी तपासून दिलेला निर्वाळा चुनखडकाच्या प्रदेशात ग्राह्य मानता येत नाही. निरीक्षणाच्या विहिरी निरनिराळ्या खोलीवर हव्यात, आणि त्यांची तपासणी पावसाळ्याआधी व नंतरही हवी.

भूमी दूषित झाल्यावर प्रतीक्षा किती लांबते, हे भोपाळने दाखविले आहे. तेथील कीटकनाशकांच्या कारखान्याखाली चुनखडक नाही; चिकणमातीचे थर आणि त्यांखाली विंध्य वालुकाश्म आहे. चिकणमाती पाण्याला अडविते, तरीही आसपासच्या वस्त्यांतील भूजल दूषित झालेच. तेथे शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने २०१० साली दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन असा दिला. १९८४ च्या दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, २०२५ साली, साठविलेला ३३७ टन कचरा पीथमपूरला नेऊन जाळण्यात आला. कचरा गेला, दूषित माती व भूजल यांचा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही.

दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी २०२५ साली केंद्र शासनाने स्वतंत्र नियम केले. संशयित स्थळाची प्राथमिक पाहणी राज्य मंडळाने ९० दिवसांत करावी आणि शुद्धीकरणाचा खर्च दूषित करणाऱ्याने सोसावा, असे त्यांत आहे. परंतु शुद्धीकरण अमुक दिवसापर्यंत संपलेच पाहिजे, अशी मुदत त्यांत नाही. शासनसेवकाला या उणिवेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही: ज्या कामाला तारीख नाही, ते दप्तरात स्वस्थ पडून राहू शकते.

पाणी तसे राहत नाही. दरवर्षीचा पाऊस मळाला थोडे पुढे लोटतो, आणि आज एका आवाराचे असलेले काम उद्या साऱ्या गावाचे होते. म्हणून शुद्धीकरण लांबणार असेल, तर निदान तीन गोष्टींना तारीख असावी: मळाचा उगम झाकणे, भोवतालच्या विहिरींची तपासणी, आणि जिचे पाणी नासले तिच्यावर अवलंबून असलेल्या घरांना दुसरे पाणी. चुनखडकाच्या भूमीवर ही तारीख तर फारच जवळची हवी.